आठ जणांची तळटीप

शोधनिबंधाच्या पहिल्या पानावरची तळटीप सहसा कोणी वाचत नाही. संशोधनाला पैसा कोणी पुरवला, पत्रव्यवहार कोणाशी करावा, असला तपशील तिथे बारीक टाइपात दिलेला असतो. परंतु जून २०१७ मध्ये गूगलमध्ये काम करणाऱ्या आठ जणांनी आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर ट्रान्सफॉर्मर नावाच्या संगणकीय रचनेवरचा जो पंधरा पानी निबंध ठेवला, त्याची तळटीप मी मूळ निबंधापेक्षा अधिक वेळा वाचली असेन. आठही जणांचे योगदान सारखेच आहे आणि नावांचा क्रम यदृच्छेने लावलेला आहे, असे तिथे सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. मार्गदर्शकाचे नाव आधी यावे की विद्यार्थ्याचे, एवढ्या कारणावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली प्राध्यापक मंडळी मी पाहिली आहेत. त्यामुळे या एका वाक्याचे मला फार अप्रूप वाटले होते.

त्यापुढे कोणी काय केले याचा हिशेब आहे. यंत्राने भाषा हाताळण्याची जुनी पद्धत टाकून नवी वापरून पाहू या, ही कल्पना याकोब उस्कोराइट यांची. ती पहिल्यांदा प्रत्यक्षात उतरवली आशीष वासवानी आणि इलिया पोलोसुखिन यांनी. तिच्यातले गणिती बारकावे नोम शझीर यांचे. निकी परमार यांनी या रचनेची असंख्य रूपे करून, चालवून, तपासून पाहिली. लिऑन जोन्स यांनीही नव्या रूपांवर प्रयोग केले आणि पहिल्या प्रोग्रामची जबाबदारी उचलली. लुकाश कायझर आणि एडन गोमेझ यांनी तो प्रोग्राम मोडून नव्याने लिहिला. गोमेझ हा तर टोरांटो विद्यापीठातून उमेदवारीसाठी आलेला विशीतला विद्यार्थी होता. या आठांपैकी सहा जण अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. वासवानी रांचीजवळच्या मेसरा येथील संस्थेतून शिकून गेलेले, तर परमार पुण्याच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीतून, म्हणजे धनकवडीच्या ज्या महाविद्यालयाला सारे पुणे पीआयसीटी म्हणते तिथून पदवी घेऊन गेलेल्या. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, डीपसीक अशी जी नावे आज घराघरांत ऐकू येतात, त्या साऱ्यांच्या मुळाशी या आठ जणांनी मांडलेली ही ट्रान्सफॉर्मर रचना आहे.

त्या निबंधाचा विषय मात्र अगदी साधा होता: भाषांतर. इंग्रजीचे जर्मन आणि इंग्रजीचे फ्रेंच. यंत्राला बुद्धी आणण्याची प्रतिज्ञा त्यात कुठेही नव्हती. त्या काळात मी पुण्यात भाषांतराच्याच धंद्यात होतो. मोबाइल आणि घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे काम आमच्याकडे येई, आणि कच्चा खर्डा यंत्राने केलेला असे. तो खर्डा दुरुस्त करण्यापेक्षा मुळापासून लिहिणे सोपे, यावर आम्हा सगळ्यांचे एकमत होते. एप्रिल २०१७ मध्ये गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांचे भाषांतर न्यूरल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याच्या, पद्धतीवर नेले आणि खर्डे एकदम सुधारले. चुका राहिल्या, पण त्या माणसाच्या चुकांसारख्या दिसू लागल्या. ही सुधारणा ट्रान्सफॉर्मरच्या आधीची होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. म्हणजे आम्ही ज्या पद्धतीवर खूश होतो, तिची मुदत दोनच महिन्यांत संपणार होती.

ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या त्या पद्धतीत यंत्र वाक्य एकेक शब्द करून, क्रमाने वाचत असे आणि वाचलेल्याचे सार पुढे नेत असे. मराठी माणसाला यातली अडचण लगेच ध्यानात येईल. ‘आईने काल बाजारातून येताना आणलेली आणि घाईत ओट्यावरच राहून गेलेली मेथी सकाळपर्यंत सुकली होती’ या वाक्यात ‘आणलेली’, ‘गेलेली’, ‘सुकली’ आणि ‘होती’ ही चारही रूपे ‘मेथी’ या एका शब्दावर अवलंबून आहेत, आणि त्यांतली पहिली दोन येऊन जातात तेव्हा मेथीचा पत्ताही नसतो. वाक्य लांबले की जुन्या यंत्राच्या हातून असे धागे सुटत. भाषांतरातला प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यावे हे आकड्यांत मोजण्याची युक्ती २०१४ मध्येच बाहदानाऊ, चो आणि बेंजिओ यांनी सुचवली होती, परंतु ती जुन्या यंत्राला जोड म्हणून. क्रमाने वाचणे सोडूनच द्यावे आणि केवळ या लक्ष देण्यावर सारी रचना उभारावी, हे धाडस या आठांचे. उस्कोराइट यांचे वडील स्वतः नावाजलेले संगणकीय भाषाशास्त्रज्ञ. त्यांनाही हे पटत नव्हते आणि जेवणाच्या टेबलावर बापलेकांचे मतभेद होत असत.

क्रमाने वाचायचे नसल्यामुळे सगळे शब्द एकदम तपासता येऊ लागले, आणि हजारो लहान गणिते एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स चिपांना हेच काम उत्तम जमते. निबंधात वापरलेले यंत्रही त्यात नोंदवलेले आहे: एनव्हिडियाच्या आठ पी-१०० चिपा असलेले एक मशीन. त्यांचे मोठे मॉडेल, म्हणजे उदाहरणांवर शिकवलेला प्रोग्राम, त्यावर साडेतीन दिवसांत शिकून तयार झाले आणि इंग्रजी-जर्मन भाषांतराच्या ठरलेल्या चाचणीत त्याने २८.४ गुण मिळवले, आधीच्या सर्वोत्तमापेक्षा दोनाहून अधिक. योगायोग असा की ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी पुढे चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय या तेव्हाच्या लहानशा ना-नफा संस्थेच्या कार्यालयात जो पहिला डीजीएक्स-१ संगणक स्वतः नेऊन दिला, त्यातही पी-१०० जातीच्या आठच चिपा होत्या. त्या संगणकाची किंमत १,२९,००० डॉलर होती. त्या वेळच्या दराने सुमारे शहाऐंशी लाख रुपये, म्हणजे पुण्यात तेव्हा बऱ्या वस्तीत एखादा फ्लॅट येई एवढी रक्कम. पुढच्या दहा वर्षांच्या उद्योगाचा पाया ज्या निबंधाने घातला, तो करून पाहायला एवढे भांडवल पुरत होते. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते.

गूगलने तो निबंध छापू दिला, त्यामागचा प्रोग्रामही खुला केला. पुढे २०१९ मध्ये त्या रचनेचे अमेरिकी पेटंटही कंपनीच्या नावावर झाले, परंतु ते उगारून कोणाला अडवल्याचे ऐकिवात नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच रचनेवरचे बर्ट हे मॉडेल आले आणि तेही शिकवून तयार केलेल्या अवस्थेत जगाला फुकट मिळाले. त्याच्या बहुभाषी आवृत्तीतल्या शंभराहून अधिक भाषांत मराठी होती. २०२१ मध्ये पीआयसीटीच्याच विद्यार्थ्यांनी एल-थ्री-क्यूब या पुण्यातल्या गटाबरोबर मराठी ट्वीटांचा एक संग्रह केला. सुमारे सोळा हजार ट्वीट वाचून त्यातला सूर अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे नोंदवणे म्हणजे रटाळ आणि अतिशय मोलाचे काम. दुसऱ्या वर्षी त्याच गटाने मराठी वाक्यांचा मोठा कोश आणि त्यावर घडवलेले महाबर्ट हे मॉडेल प्रसिद्ध केले. ज्या महाविद्यालयातून निकी परमार गेल्या, त्याच महाविद्यालयात त्यांच्या निबंधाचे फळ मराठीच्या रूपाने परत आले, आणि त्यासाठी कोणाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही, करारावर सही करावी लागली नाही, पैसे भरावे लागले नाहीत. हा प्रवास वृत्तपत्रांत कुठे फारसा आला नाही. गुंतवणूक किती झाली याची बातमी होते; विद्यार्थ्यांनी ट्वीट वाचले याची होत नाही.

माझी एक भाची पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हे सगळे मी मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा तिने सरळ विचारले, “मामा, एवढं सगळं गूगलमध्येच झालं, तर मग ते आठही जण गूगल सोडून गेले कशाला?”

प्रश्न रास्त होता. आठही जण गेले, हे खरे आहे. शेवटचे लिऑन जोन्स २०२३ मध्ये गेले. याचे एक कारण शझीर यांच्या गोष्टीत दिसते. त्यांनी डॅनियल डी फ्रेटास यांच्यासह मीना नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम घडवला होता आणि गूगलने त्याची माहिती २०२० मध्ये प्रसिद्धही केली, पण तो लोकांच्या हाती देण्याचे धाडस कंपनीने केले नाही. शोधयंत्राच्या बाजूला लागणाऱ्या जाहिरातींवर जिचे पोट आहे, तिने प्रश्नाचे थेट उत्तर देणारे आणि मधूनच बिनदिक्कत खोटे बोलणारे यंत्र बाजारात का आणावे? त्या सावधपणाला लोक आज हसतात. मला तो तेवढा हास्यास्पद वाटत नाही. मात्र संशोधकाला थांबवत नाही आणि कंपनीला पेलवत नाही अशी स्थिती आली की माणसे बाहेर पडतात. शझीर आणि डी फ्रेटास यांनी २०२१ मध्ये बाहेर पडून कॅरेक्टर डॉट एआय ही काल्पनिक पात्रांशी गप्पा मारू देणारी कंपनी काढली.

शझीर यांच्याविषयी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०२० मध्ये त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या एका भागात सुधारणा सुचवणारा छोटा निबंध लिहिला आणि त्याच्या अखेरीस नमूद केले की या रचना का चालतात याचे स्पष्टीकरण आम्ही देत नाही. इतर सर्व गोष्टींप्रमाणे याचेही श्रेय आम्ही ईश्वरी कृपेला देतो. हे वाक्य विनोदाचे आहे आणि प्रामाणिकपणाचेही आहे. ती सुधारणा पुढे बहुतेक मोठ्या मॉडेलांत वापरली गेली. या क्षेत्रातल्या कंपन्या गुंतवणूकदारांसमोर जे आत्मविश्वासाचे प्रवचन करतात, ते ऐकताना हे वाक्य हाताशी असलेले बरे.

आठांच्या वाटा पुढे चांगल्याच फाकल्या. पोलोसुखिन निबंध प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच बाहेर पडले होते. यंत्राला प्रोग्राम लिहायला शिकवावे म्हणून त्यांनी निअर नावाचा उद्योग सुरू केला. यंत्राला उदाहरणे हवीत म्हणून देशोदेशीच्या विद्यार्थ्यांकडून छोटे प्रोग्राम लिहून घेतले. मग त्या विद्यार्थ्यांना देशांच्या सीमा ओलांडून लहान लहान रकमा पोचवणेच इतके जिकिरीचे झाले की तेवढ्यासाठी स्वतःची ब्लॉकचेन, म्हणजे बँकेविना पैसे फिरवणारी सामायिक डिजिटल खातेवही, उभारावी असे ठरले, आणि ती ब्लॉकचेन हाच धंदा होऊन बसला. मूळ कल्पना थोडी लवकर सुचली होती, एवढेच. प्रोग्राम लिहिणारी यंत्रे आज या उद्योगातला सर्वांत तेजीचा व्यवहार आहे. उस्कोराइट यांनी इन्सेप्टिव्ह ही कंपनी काढून आरएनए रेणूंची औषधे घडवण्याकडे मोर्चा वळवला. गोमेझ यांनी टोरांटोत दोघा सहकाऱ्यांसह कोहिअर स्थापन केली. ती सामान्य माणसाच्या नादी न लागता बँका आणि मोठ्या कंपन्यांना मॉडेले विकते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे मूल्य ६.८ अब्ज डॉलर धरले गेले. जोन्स टोकियोला जाऊन साकाना एआय या कंपनीचे सहसंस्थापक झाले. कायझर एकटेच असे की ज्यांनी स्वतःची कंपनी काढली नाही. ते ओपनएआयमध्ये गेले आणि उत्तर देण्याआधी पायरीपायरीने विचार करणाऱ्या ओ-वन या मॉडेलच्या कामात त्यांचा वाटा होता.

वासवानी आणि परमार यांनी २०२२ मध्ये डेव्हिड लुआन यांच्यासह अडेप्ट काढली. संगणकावरची कारकुनी कामे माणसाच्या वतीने करणारे यंत्र, हे तिचे उद्दिष्ट. वर्षभरात दोघे तिथून बाहेर पडले आणि त्यांनी इसेन्शियल एआय काढली. मागे राहिलेल्या अडेप्टला मार्च २०२३ मध्ये ३५ कोटी डॉलर मिळाले. एवढी रक्कम हाती आल्यावर कंपनी निदान दहा वर्षे निर्धास्त राहील असे आपल्याकडच्या कोणाही उद्योजकाला वाटेल. जून २०२४ मध्ये लुआन आणि त्यांचे बरेच सहकारी ॲमेझॉनमध्ये दाखल झाले आणि अडेप्टचे तंत्रज्ञान वापरण्याचा परवाना ॲमेझॉनने घेतला. अडेप्टने तेव्हा दिलेले कारण असे की स्वतःची मॉडेले घडवत राहायचे तर सगळी शक्ती पैसा उभा करण्यातच गेली असती.

या व्यवहाराला काय म्हणावे हे कायद्यालाही नीट ठरवता आलेले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने इन्फ्लेक्शन या कंपनीचे संस्थापक मुस्तफा सुलेमान यांना आणि तिच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना असेच आपल्याकडे घेतले होते. कंपनी विकत घेतली नाही. माणसे नोकरीला ठेवली आणि परवान्यापोटी पैसे मोजले, बातम्यांनुसार सुमारे ६५ कोटी डॉलर. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने त्याची चौकशी केली, हे विलीनीकरणच आहे असे ठरवले, आणि त्याने स्पर्धेला विशेष धक्का लागत नाही म्हणून सप्टेंबरमध्ये सोडून दिले. मध्यंतरी ऑगस्टमध्ये शझीर गूगलमध्ये परतले. गूगलने कॅरेक्टर डॉट एआयच्या तंत्रज्ञानाचा परवाना घेतला. त्यासाठी सुमारे २.७ अब्ज डॉलर दिल्याचे छापून आले. ज्याला प्रोग्राम बाहेर आणू दिला नाही, त्याला तीन वर्षांनी या किमतीत परत आणले. उरलेली कंपनी वेगळ्याच संकटात सापडली. तिच्या पात्रांशी बोलण्यात गुंतलेल्या एका किशोराच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने फ्लोरिडात २०२४ मध्ये दावा लावला, आणि २०२५ च्या अखेरीस कंपनीने अठरा वर्षांखालच्या मुलांना अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या. गूगलचा २०२० मधला सावधपणा मला हास्यास्पद वाटत नाही तो याचसाठी.

जुलै २०२५ मधला विंडसर्फचा किस्सा याहून बोलका आहे. प्रोग्राम लिहिण्यात मदत करणारी ही कंपनी ओपनएआय विकत घेणार असे जवळजवळ ठरले होते. ते फिसकटले, आणि लगेच गूगलने तिचे प्रमुख वरुण मोहन यांच्यासह मोजके लोक २.४ अब्ज डॉलरच्या करारात उचलले. शेकडो कर्मचारी मागे राहिले. पगार कमी घेऊन शेअरच्या आशेवर रात्रंदिवस राबायचे आणि कंपनी विकली गेली की सगळ्यांचे भले होईल, हा स्टार्टअपचा अलिखित करार असतो. हिंजवडी आणि बाणेरच्या कित्येक घरांची कर्जे त्याच भरवशावर घेतलेली आहेत. त्या करारात वरचे आठ-दहा जण निघून जातील आणि कंपनी मात्र विकलीच जाणार नाही, ही शक्यता कोणी धरली नव्हती. काही दिवसांतच कॉग्निशन या दुसऱ्या कंपनीने उरलेली विंडसर्फ विकत घेतली आणि सर्व कर्मचाऱ्यांना त्यात वाटा मिळेल असे जाहीर केले, म्हणून प्रकरण निभावले.

भाचीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर यातच आहे असे मला वाटते. कल्पना कोणत्याही कंपनीला कोंडून ठेवता आली नाही. ती छापली गेली, आणि छापली नसती तरी आठ डोक्यांत बसून बाहेर गेलीच असती. कोंडून ठेवता येते ते यंत्र, वीज आणि जागा. २०१७ मध्ये आठ चिपांवर भागत होते. ओपनएआयच्या २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये १७५ अब्ज पॅरामीटर, म्हणजे शिकताना जुळवले जाणारे आकडे, होते आणि तिथून पुढे हे काम गोदामभर चिपांचे झाले. ओपनएआयने २०१९ मध्येच ना-नफा संस्थेच्या पोटात नफ्याची कंपनी काढून मायक्रोसॉफ्टकडून एक अब्ज डॉलर घेतले होते, ते याच गरजेपोटी. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या, डेटा सेंटर उभारण्याच्या स्टारगेट प्रकल्पाचा आकडा ५०० अब्ज डॉलरचा आहे, आणि विजेसाठी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज घेण्याचा वीस वर्षांचा करार केला आहे. ज्यांच्याकडे आधीच डेटा सेंटर आहेत अशा चार-पाच कंपन्यांच्या दारात बाकीच्यांना कधी ना कधी जावेच लागते. नवी कंपनी ही आता अनेकदा संशोधकांची एक तुकडी असते, जी काही काळ बाहेर नांदते आणि भाव चढला की परत माहेरी येते.

या बदलाबरोबर लिहिण्याची रीतही बदलली. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ आले तेव्हा त्यासोबतच्या शंभरेक पानी अहवालात मॉडेलचा आकार, रचना, चिपा, शिकवण्याची पद्धत, कोणत्या मजकुरावर शिकवले, यातले काहीही सांगणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. कारणे दोन दिली होती: स्पर्धा आणि सुरक्षितता. सुरक्षिततेचे कारण मी उडवून लावणार नाही. परंतु ही दोन कारणे एकाच वाक्यात शेजारी बसली की त्यातले कोणते खरे काम करते हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या संशोधन विभागातही महत्त्वाचे निबंध सहा महिने रोखून धरण्याची पद्धत आल्याच्या बातम्या होत्या. ज्या घराने तो निबंध जगाला दिला, त्या घरातली ही बातमी.

या बंद होत चाललेल्या दारांना पहिला मोठा धक्का बसला तो हांगझोऊमधून. लियांग वेनफेंग यांच्या हाय-फ्लायर या गुंतवणूक फंडातून निघालेल्या डीपसीकने डिसेंबर २०२४ मध्ये व्ही-३ आणि २० जानेवारी २०२५ रोजी आर-१ ही मॉडेले खुली केली, सविस्तर निबंधांसह. अमेरिकी निर्यातबंदीमुळे त्यांना कमी क्षमतेच्या एच-८०० चिपा वापराव्या लागल्या होत्या, आणि हात आखडता घ्यावा लागल्यामुळे लक्ष देण्याच्या मूळ गणितातच त्यांनी स्मृती वाचवणाऱ्या युक्त्या शोधल्या. शेवटच्या शिकवणीचा खर्च ५५.७६ लाख डॉलर असे निबंधात होते, आणि आधीचे संशोधन व फसलेले प्रयोग त्यात धरलेले नाहीत असेही तिथेच लिहिले होते. पहिला भाग जगभर गाजला, दुसरा कोणी वाचला नाही. आता एवढ्या चिपा लागणारच नाहीत या धास्तीने २७ जानेवारीला एनव्हिडियाच्या बाजारमूल्यातून एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलर गेले. ऑक्टोबरमध्ये तीच कंपनी पाच लाख कोटी डॉलरच्या वर पोचली. तेव्हा शेअर बाजाराकडून या विषयाचे मूल्यमापन करून घेणे किती शहाणपणाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयनेही दोन मॉडेले खुली केली, मेटाची लामा मालिका त्याआधीपासून होतीच. परंतु हे खुलेपण २०१७ पेक्षा निराळे आहे. आता लोणच्याची भरलेली बरणी मिळते. कैऱ्या कुठल्या, मीठ किती, किती दिवस मुरवले, ते सांगितले जात नाही. मराठी ट्वीट वाचणाऱ्या त्या मुलांना बरणीही पुरली असती हे खरे, पण ती मुले काही शिकली असतील तर ती कृती वाचून.

मार्च २०२४ मध्ये हुआंग यांनी आपल्या कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात या आठांना व्यासपीठावर बोलावले. सात जण आले. परमार यांना घरगुती अडचणीमुळे येता आले नाही. तिथे गोमेझ म्हणाले की जगाला ट्रान्सफॉर्मरपेक्षा चांगले काहीतरी हवे आहे, आणि इतरांनीही माना डोलावल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये जोन्स यांनी आपल्याला ट्रान्सफॉर्मरचा अगदी वीट आला आहे असे जाहीरपणे सांगून टाकले. त्यांचे म्हणणे असे की एवढा पैसा आणि एवढी माणसे या क्षेत्रात आल्यावर संशोधन उलट अरुंद झाले. सगळे एकच रचना घासूनपुसून दुसऱ्याच्या आधी छापण्याच्या घाईत आहेत, आणि मूळ निबंध तर जेवताना झालेल्या गप्पांतून, फळ्यावरच्या रेघोट्यांतून, वरून कोणी फर्मावलेले नसताना झाला होता. शझीरही त्या कामात आले ते योजनेने नव्हे. बोळातून जाताना चाललेली चर्चा कानावर पडली म्हणून. असे बोळ आजच्या कंपन्यांत आहेत का, आणि असले तरी त्यात मोठ्याने बोलायची मुभा आहे का, हा प्रश्न मला त्या ५०० अब्जांपेक्षा मोठा वाटतो.

परमार पुढे क्लॉड घडवणाऱ्या अँथ्रॉपिकमध्ये गेल्या. वासवानी इसेन्शियलमध्येच राहिले. त्या कंपनीने जून २०२५ मध्ये वेबवरून गोळा केलेला आणि विषयवार लावलेला, २४ लाख कोटी टोकनांचा, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांचा, मजकूर सर्वांसाठी खुला केला, आणि वर्षअखेरीस रामानुजनांची आठवण म्हणून नाव ठेवलेले ८ अब्ज पॅरामीटरचे एक लहान मॉडेलही दिले. शिकवणीचा मजकूर म्हणजे नेमका तो भाग, जो बाकीचे कुलपात ठेवतात. अशाने कंपनी चालेल का, याबद्दल मला शंका आहे. फुकट देणाऱ्याला चिपांचे बिल माफ होत नाही, आणि उद्या तीही कोणाच्या तरी माहेरी गेली तर मला नवल वाटणार नाही. भाचीला त्या शंकेशी देणेघेणे नव्हते. तिने आकडा पाहिला आणि विचारले, “मामा, आठ अब्ज म्हणजे आमच्या लॅबमधल्या मशीनवर बसेल का?” त्यातला प्रत्येक आकडा लहान करून चार बिटांवर आणलास तर बसेल, मी म्हटले, पण मराठी त्याला कितपत येते ते आधी तपासून बघ.